मन वळवायला गेलो होतो

गेल्या रविवारी ताईचा फोन आला, सकाळी साडेसातला, म्हणजे काहीतरी सिरियस. पोराचा बारावीचा निकाल चांगला लागलाय, मार्क्स आहेत, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा पण देतोय, आणि काल रात्री जेवताना सांगितलं की मला इंजिनिअरिंग करायचं नाही, फिलॉसॉफी घेऊन बीए करायचंय. भावजी उठून हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत पानावर. "तू ये आणि त्याला समजाव, तू कायकाय वाचत असतोस, तुझं ऐकेल." मी म्हटलं येतो.

आता यातली गंमत अशी की हे जे काय काय मी वाचत असतो त्यात गेले दोन महिने नेमकं हेच चाललंय. जुन्या ग्रीक लोकांत लेखनाचा एक प्रकारच होता, प्रोट्रेप्टिक नावाचा. प्रो म्हणजे पुढे, ट्रेपो म्हणजे वळवणं. वाचणाऱ्याला धरून तत्त्वज्ञानाकडे वळवायचं, त्यासाठी लिहिलेलं भाषण किंवा पत्र. आपल्याकडे याला उपदेश म्हणता येईल पण उपदेश म्हटलं की बोट वर केलेला माणूस दिसतो. मला 'मन वळवणं' हाच शब्द बरोबर वाटतो, ग्रीक शब्दातही वळणच आहे आणि आपल्याही. आणि त्यांच्याकडे उलटा शब्द पण आहे, अपोट्रेप्टिक, म्हणजे एखाद्याला एखाद्या गोष्टीपासून परत फिरवणं. ताईने मला जे काम दिलं होतं ते हे दुसरं. दोन महिने एक वाचायचं आणि रविवारी जाऊन बरोब्बर उलटं बोलायचं, असा सगळा मामला.

पणजीहून कदंबच्या बसमध्ये बसलो, खिडकीची सीट मिळाली, तर म्हटलं तासभर आहे, मुद्दे काढू. मोबाईलमध्ये अ‍ॅरिस्टॉटल उघडला.

अ‍ॅरिस्टॉटलचं 'प्रोट्रेप्टिकस' हे पुस्तक खरं तर हरवलेलं आहे. त्याने ते सायप्रसच्या थेमिसोन नावाच्या राजाला उद्देशून लिहिलं होतं. इ.स.पू. चौथं शतक, अथेन्समध्ये प्लेटोची अकादमी चालू आहे, तिकडे आयसोक्रेटिसची वेगळी शाळा चालू आहे, आणि दोघंही म्हणतायत की आम्ही शिकवतो तेच खरं तत्त्वज्ञान. आयसोक्रेटिसचे सायप्रसच्या राजघराण्याशी जुने संबंध, तिथल्या निकोक्लीस राजाला त्याने राज्य कसं करावं यावर लिहूनही पाठवलेलं. आणि तिथल्याच एका राजाला हा अकादमीतला तरुण अ‍ॅरिस्टॉटल पत्र लिहितो. म्हणजे थोडक्यात फोंड्याच्या तिठ्यावर समोरासमोर दोन कोचिंग क्लासेसचे बोर्ड असतात ना, टॉपर्सचे फोटो लावलेले, त्यातला प्रकार. तत्त्वज्ञान म्हणून आपण हात जोडतो पण त्यात अ‍ॅडमिशनचा सीझन पण होता.

पुस्तक हरवलं पण मजकूर कसा राहिला तर साधारण सहा-साडेसहा शतकांनी सीरियातला इआम्ब्लिखस नावाचा एक जण, त्याने स्वतःचं एक प्रोट्रेप्टिक लिहिलं आणि त्यात जुन्यांचे उतारेच्या उतारे टाकले, नाव न घेता. आपल्या फॅमिली ग्रुपवर मामेभाऊ टाकतो तसं, खाली कोणाचं नाव नाही, वर एक गुलाबाचं फूल. १८६९ साली बायवॉटर नावाच्या इंग्रज पंडिताने ओळखलं की अरे यातला बराच भाग तर अ‍ॅरिस्टॉटलचा वाटतोय. तर फॉरवर्ड करणाऱ्यांना फार शिव्या देऊ नयेत, इतकंच.

त्यातला सगळ्यात गाजलेला युक्तिवाद असा. तत्त्वज्ञान करावं की करू नये? करावं म्हणत असाल तर करा. करू नये म्हणत असाल तर का करू नये हे तुम्हाला विचार करून मांडावं लागेल, आणि तो विचार म्हणजेच तत्त्वज्ञान. म्हणजे सुटका नाही. बाणस्तारीच्या पुलावर गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तेव्हा माझ्या हे लक्षात आलं की मी आता जाऊन पोराला जे काही बोलणार त्याने मी तिथेच अडकणार. मी मोबाईल बंद केला.

तरी एक मुद्दा डोक्यात राहिला कारण तो अगदी आपला वाटला. लोक म्हणतात याचा फायदा काय. तर अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, आपण ऑलिम्पियाला खेळ बघायला जातो, तिथून काही मिळणार नसतं, बघणं हेच मिळणं. डायोनिशियाच्या उत्सवात नाटकं बघतो, उलट नटांना आपणच पैसे देतो. मग अख्खं विश्व बघायची सोय असताना त्याला फायदा विचारायचा? आता हे गोंयकाराला काय सांगायचं. आमच्या गावात जत्रेला देवळाच्या मांडावर नाटक होतं, रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत, संगीत नाटक असेल तर विचारूच नका, सकाळी कामावर जायचं असतं तरी माणसं खुर्च्या धरून बसतात, गावातलाच माणूस राजा झालेला असतो आणि त्याची मिशी दुसऱ्या अंकात सुटते. कोणी विचारत नाही फायदा काय. उलट वर्गणी काढतात. हा मुद्दा मी विसरायचा ठरवला, कारण तो पोराच्या बाजूचा होता.

ताईकडे पोचलो तर ती गच्चीवर. मे महिन्याचा शेवट, आभाळ भरून यायला लागलेलं, आणि ती साठ घालत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आंब्याचा रस आटवून ताटांना पातळ थर द्यायचा, उन्हात सुकवायचा, मग त्यावर परत थर, असं दिवस दिवस चालतं. शेवटच्या शेवटच्या मानकुरादचा रस होता. ताटाला आधी तुपाचं बोट फिरवायचं आणि मग पळीच्या पाठीने रस मधून कडेकडे ढकलत न्यायचा, कडेला जाड राहिला तर तो ओला राहतो आणि बुरशी धरतो. सात ताटं होती, वर जुनी सुती साडी, चार कोपऱ्यांना चार दगड. पोरगा बाजूला टाकीच्या सावलीत बसलेला, कावळे हाकायच्या ड्युटीवर, मांडीवर पुस्तक.

"मामा, तू मला समजवायला आलायस ना," पहिलंच वाक्य.

मी म्हटलं हो.

मग मी सुरू केलं. मी ठरवलं होतं की प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादातून जायचं, कारण ते हलकं आहे. त्यात दोन भाऊ आहेत, युथिडेमस आणि डायोनिसोडोरस, आधी शस्त्रं चालवायला शिकवायचे, आता म्हातारपणी शब्द चालवायला शिकवतात. कोणालाही बोलण्यात अडकवतात. तुझा कुत्रा आहे? आहे. त्याला पिल्लं आहेत? आहेत. म्हणजे तो बाप आहे. आणि तो तुझा आहे. म्हणजे तो तुझा बाप! असले प्रकार. सॉक्रेटिस त्यांना सांगतो की बाबांनो तो क्लिनियस बसलाय बघा, कोवळं पोर आहे, त्याला शहाणपणाकडे वळवून दाखवा. ते दोघं त्याला नुसते शब्दांत गोल गोल फिरवतात. मग सॉक्रेटिस स्वतः करून दाखवतो. आपल्या सगळ्यांना आपलं बरं व्हावं असं वाटतं ना? वाटतं. बरं म्हणजे पैसा, तब्येत, चार लोकांत मान. पण नुसतं असून काय उपयोग, वापरायला पाहिजे. आणि वापरता आलं नाही तर? सुताराकडे हत्यारं पडून आहेत तर तो सुतार कसला. चुकीचं वापरलं तर नसलेलं बरं. म्हणजे सगळ्याच्या मागे एक गोष्ट लागते, कसं वापरायचं ते कळणं.

मी म्हटलं बघ, मला तुला इतकंच सांगायचंय की फिलॉसॉफी शिकवणारे सगळे सॉक्रेटिस नसतात, बरेचसे ते दोन भाऊ असतात.

पोरगं म्हणालं, "मग इंजिनिअरिंग शिकवणारे?"

आता हे त्याने कुठे वाचलं नव्हतं पण हे अक्षरशः त्याच संवादाच्या शेवटी आहे. क्रिटो, सॉक्रेटिसचा मित्र, त्याला मुलगे आहेत, थोरला मोठा झालाय, आणि तो सांगतो की माझ्या पोरांचं काय करू कळत नाही, शिकवतो म्हणणाऱ्या लोकांकडे बघितलं की एकेक नमुना वाटतो, मग मी मुलाला तिकडे कसा वळवू? सगळ्या प्रोट्रेप्टिक साहित्यात मला हा क्रिटो सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो बाप आहे आणि त्याला खरंच कळत नाहीये. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, अरे प्रत्येक धंद्यात वाईट फार आणि चांगले थोडे असतात, पैसे कमावण्यातही तसंच, मग म्हणून तू पैसे कमावणं सोडणार काय? शिकवणाऱ्यांना सोड, ती गोष्ट नीट पारखून बघ, चांगली वाटली तर धर, नाहीतर सगळ्यांना परतव.

मी ते त्याला सांगितलं नाही. मी पाणी प्यायलो.

मग आयसोक्रेटिस काढला. तो म्हणतो की असला बारीक कीस काढायचा अभ्यास तरुणपणी थोडा करावा, डोक्याला व्यायाम होतो, पण त्यातच रुतून बसू नये. मला वाटतं जगातल्या सगळ्या मामांचा हा अधिकृत पक्ष आहे. थोडं कर, छंद म्हणून कर, आधी डिग्री घे. पोरगं म्हणालं, "थोडं म्हणजे किती?" आणि मला खरंच सांगता येईना.

इथे जरा बाजूला जातो. या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जड गेला तो क्लेमेंट. अलेक्झांड्रियाचा, साधारण इ.स. १५० ते २१५. त्याचंही पुस्तक 'प्रोट्रेप्टिकस'च, ग्रीकांना केलेला उपदेश, पण हा तत्त्वज्ञानाकडे नाही तर ख्रिस्ताकडे वळवतोय. साचा तोच, दिशा बदललेली. सुरुवात इतकी सुंदर आहे की काय सांगू. डेल्फीला युनोमोस नावाचा वादक वाद्य वाजवतोय, उन्हाळ्याचे दिवस, मध्येच तार तुटते, आणि एक सिकाडा म्हणजे आपल्या झाडावर किर्र करतो तसला किडा येऊन वाद्यावर बसतो आणि तुटलेल्या तारेचा सूर भरून काढतो. क्लेमेंट म्हणतो, लोकांना वाटलं किडा गाण्याला साथ देतोय, पण किडा आपलं आपलं गात होता. तिथून तो नव्या गाण्यावर येतो. आणि मग होमर, युरिपिडीस, ग्रीकांचेच कवी काढून ग्रीकांनाच वाचून दाखवतो. होमरचा ओडिसियस, खलाशांना भुलवणाऱ्या सायरनांचं गाणं ऐकायला डोलकाठीला बांधून घेतो ना, तर हा म्हणतो तुम्हीही लाकडाला बांधून घ्या, म्हणजे क्रूसाला.

पण त्याच पुस्तकात तो त्यांच्या देवांची जी टर उडवतो, मूर्तींवर पाखरं शिटतात वगैरे, ते वाचताना मी फोंडा तालुक्यातला माणूस आहे हे मला विसरता येत नाही. आमच्याकडची कितीतरी देवळं मुळात नदीच्या पलीकडची, सासष्टी-तिसवाडीतली, सोळाव्या शतकात देव रातोरात होडीत घालून इकडे आणलेले. तेव्हा 'वळवणं' हा शब्द आमच्याकडे जरा वेगळ्या वजनाचा आहे. पण मग मला हेही दिसतं की क्लेमेंट लिहीत होता तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, सत्ता दुसऱ्यांची, २०२च्या सुमारास छळ सुरू झाला तेव्हा त्यालाच अलेक्झांड्रिया सोडून जावं लागलं. ज्याच्याकडे फक्त शब्द आहेत तो मन वळवतो, ज्याच्याकडे फर्मान आहे तो हात पिरगळतो. तेच वाक्य दोघांच्या तोंडून वेगळं ऐकू येतं.

आणि त्याचा एक मुद्दा मला अजून टोचतो. लोक म्हणतात बापजाद्यांची रीत कशी मोडायची. क्लेमेंट विचारतो, मग लहानपणी दाईने लावलेलं दूध, तेच अजून का नाही पीत बसलात? वडिलांची इस्टेट मिळाली तेवढीच का नाही ठेवलीत, वाढवली का? राग येतो आणि उत्तर सुचत नाही.

आणि आमच्या रायतूरचे फादर स्टीफन्स. इंग्लंडात जन्मलेला माणूस, १५७९ला गोव्यात आला, आणि १६१६ला ख्रिस्तपुराण छापलं, मराठीत, ओवीत, दहा हजारांवर ओव्या. ज्याला वळवायचं त्याच्याच छंदात जाऊन बसायचं, ही क्लेमेंटचीच युक्ती. त्याच्यामागे सत्ता होती, हे खरं. तरी 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी शाळेत आम्हाला पाठ होती आणि आम्ही कोणीच ख्रिस्ती झालो नाही, मराठीचे मात्र झालो, घरात कोंकणी बोलणारी पोरं. त्याने नेम एकीकडे धरला, आणि लागला भलतीकडेच.

असो. तर गच्चीवर.

माझ्याकडचे मुद्दे संपत आले होते, पोराच्या कपाळावर घाम, माझ्याही, आणि ताई काही न बोलता ताट क्रमांक पाचवर. मग मी तत्त्वज्ञान वगैरे सोडून फक्त गोष्ट सांगितली, कारण मला ती सांगायचीच होती कोणाला तरी. अ‍ॅरिस्टॉटलने ते पुस्तक राजाला लिहिलं ना, त्यात राजाला सांगितलं की तत्त्वज्ञानासाठी तुझ्याइतकी सोय कोणाचीच नाही, तुझ्याकडे पैसा आहे आणि नाव आहे. तर पुढे क्रेटिस म्हणून एक जण होता, थीब्सचा, आपली सगळी इस्टेट वाटून टाकून फकिरासारखा राहायचा. तो एकदा मोच्याच्या दुकानात बसून हेच पुस्तक मोठ्याने वाचत होता. मोच्याचं नाव फिलिस्कस. तो आपला चपला शिवता शिवता ऐकत होता. क्रेटिस वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, फिलिस्कस, मी तुझ्यासाठी एक प्रोट्रेप्टिक लिहीन म्हणतो, कारण ज्याला हे लिहिलंय त्याच्यापेक्षा तुझ्याकडे तत्त्वज्ञानाची सोय जास्त दिसते.

ही गोष्ट झेनो सांगायचा, स्टोइक नावाच्या तत्त्वज्ञांच्या पंथाचा मूळ पुरुष. आणि झेनोचं स्वतःचं काय, तर जहाज बुडालं, अथेन्सला आला, पुस्तकाच्या दुकानात बसला, दुकानदार झेनोफनने सॉक्रेटिसवर लिहिलेलं काहीतरी मोठ्याने वाचत होता. याने विचारलं असली माणसं कुठे भेटतात? तेवढ्यात रस्त्यावरून क्रेटिस चाललेला, दुकानदार म्हणाला त्याच्या मागे जा. गेला.

म्हणजे बघा, पत्र राजाला, ऐकलं मोच्याने. दुकानदार स्वतःसाठी वाचतोय, वळला गिऱ्हाईक. ज्याच्या अंगावर उपदेश सोडलाय तो नुसता मान हलवतो, कारण त्याला माहीत असतं हे माझ्यासाठी चाललंय, तो अंग चोरून बसतो. बाजूला बसलेल्याला कोणी काही सांगत नसतं म्हणून त्याच्या आत जातं. मनाचे श्लोक मला या नजरेने पहिल्यांदाच दिसले. संध्याकाळी दिवा लागल्यावर आजी आम्हाला बसवून म्हणून घ्यायची, दोनशे पाच, म्हणजे सगळे एका दमात नाही, रोज दहा-बारा. मना सज्जना, मना सज्जना. रामदास आम्हाला काहीच सांगत नव्हते, ते आपल्याच मनाशी बोलत होते, आम्ही नुसतं कानावर पडू देत होतो. ग्रीकांनी थेमिसोनला लिहिलं, मेनोइकियसला लिहिलं, डेमोनिकसला लिहिलं, पाकिटावर नाव घालून. आमच्या माणसाने पाकीट स्वतःलाच पाठवलं. कुठली पद्धत जास्त हुशार यावर वाद घालता येईल, मला तरी आपली वाटते, आणि हो मी पक्षपाती आहे.

मेनोइकियसला लिहिलेलं पत्र एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचं. तरुण असताना टाळू नये, म्हातारं झाल्यावर कंटाळू नये, कारण मनाच्या तब्येतीसाठी कोणी फार लहान नसतो की फार मोठा नसतो. अजून वेळ आली नाही किंवा वेळ निघून गेली असं म्हणणं म्हणजे सुखी व्हायची वेळ आली नाही किंवा निघून गेली म्हणण्यासारखं. हे मी कोणाला उद्देशून म्हटलं मलाच माहीत नाही, पोरगा तोपर्यंत उठून कावळ्याच्या मागे गेला होता.

ताईने पळी ताटात तशीच धरून विचारलं, "त्या मोच्याने शिवणं थांबवलं काय रे ऐकताना?"

मी म्हटलं, "नाही. गोष्टीत तसंच आहे, हात चालूच, शिवता शिवता ऐकत होता."

"हं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि तो दुसरा काय म्हणाला ते परत सांग, कोणी फार मोठा नसतो ते."

परत सांगितलं. ती काही बोलली नाही. सहाव्या ताटाची कड पळीच्या पाठीने पातळ करत होती, तेवढ्यात पश्चिमेकडून गार वारा आला आणि साडीच्या एका कोपऱ्यावरचा दगड घरंगळला. पोरगा कावळा सोडून धावत आला, आम्ही तिघांनी दोन दोन ताटं उचलून जिन्यात नेली, सातवं आणायला ताई परत गेली.